पडद्यावरची प्रयोगशाळा

श्रीकांत,

तुझं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्षाने तुझी खोली आवरायला घेतली. औषधांच्या बाटल्या, बोट लावून लावून कडा मऊ झालेला अक्षरांचा तक्ता, पलंगाशेजारचं श्वासाचं मशीन. टेबलावरचा लॅपटॉप चालूच होता. तिला वाटलं, गडबडीत बंद करायचा राहून गेला. तिने तो बंद केला, मऊ फडक्याने पुसला आणि कपाटात ठेवला. त्या दुपारी कॉलेजात मुलं माझ्याकडे आली. म्हणाली, "मैडम, सर वाला नहीं खुल रहा।"

मला उलगडायला संध्याकाळ झाली. तुझं ते सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर अभिक्रिया घडताना दाखवणारा तुझा सगळा पसारा, तुझ्या घरातल्या त्या एका लॅपटॉपवरून मुलांच्या मोबाइलवर जात होता. हे तू विभागात कुणाला सांगितलं नव्हतंस. मी वर्षाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ताई, मीच बंद केलं काय?" तुझ्या बायकोला काय उत्तर द्यायचं ते तूच सांग.

म्हणून लिहायला बसले. तुझ्यामागे काय काय झालं ते तुला कळायला हवं, आणि आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय.

तुझे हात मी आधी पाहिले, तुला नंतर. साताऱ्याहून लग्न होऊन जबलपूरला आले, कॉलेजात रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारातून मला एक माणूस पाठमोरा दिसला. ज्योतीवर काचेची नळी फिरवत होता. घाई नाही, थांबणं नाही. नळी मऊ झाली तसा त्याने तिला काटकोनात वाक दिला आणि मान न वळवता म्हणाला, "काहून उभ्या राहिल्या ताई, या ना आत." मी मराठी आहे हे तुला कसं कळलं, ते मी पुढे पुष्कळदा विचारलं. मंगळसूत्रावरून, म्हणायचास. पण तू वळून पाहिलंच नव्हतंस.

तुझ्या बोलण्याला मी तेव्हा हसायचे. "करून राहिलो", "जाऊन राहिलो". खमरियाच्या क्वार्टरमध्ये वाढलेला तू, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आजोळ अमरावतीकडचं, शाळा सगळी हिंदीत. आता साताऱ्याला गेले की माझी बहीण माझ्या मराठीला हसते. ही तुझी देणगी. बाकीच्या देणग्यांचा हिशेब मी कधी मांडला नाही.

तुझ्यासारखं टायट्रेशन, थेंबाथेंबाने आम्लाची तीव्रता काढणं, मी कुणाला करताना पाहिलं नाही. डाव्या हाताने ब्युरेटची तोटी, उजव्याने फ्लास्क हलवणं, आणि रंग फिरायच्या अगदी आधीच्या थेंबाला हात थांबलेला. मुलं बघत राहायची. मीही बघायचे. त्यामुळे तो हात बिघडायला लागला ते सगळ्यांत आधी मला दिसलं. तू तोटी उजव्या हाताने धरायला लागलास. मग मुलांना म्हणायला लागलास, तू फिरव, मी बघतो. एकदा भरलेला फ्लास्क तुझ्या हातातून सुटला आणि तू खाली काचांकडे पाहायचं सोडून आपल्या पंजाकडे पाहत राहिलास.

तपासण्यांना नागपूरला जाऊन आलास. प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी मी भांडी विसळत होते, तिथे येऊन उभा राहिलास.

"हात जाऊन राहिले ताई," म्हणालास. "मग पाय जातील, मग आवाज. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते म्हणतात. हे चांगलं का वाईट, ते डॉक्टरनं नाही सांगितलं."

मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसाच मरत जातात, असा तो आजार. औषध नाही. मुलांना कळू द्यायचं नाही, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलंस. खांदा दुखतो, पाठीचं आहे, असं काहीबाही आपण सांगत राहिलो. विभागातले बाकीचेही सांगत राहिले. आम्हाला वाटायचं, जमलंय.

त्याच सुमारास तू संगणकाकडे वळलास. लोक म्हणाले, श्रीकांत सरांना नवं वेड लागलं. मला ठाऊक होतं ते वेड कुठून आलं. नळी वाकवता येत नव्हती, पण कळफलकावर दोन बोटं अजून चालत होती. तेवढ्यात जे करता येईल ते तू करायला घेतलंस.

पहिल्यांदा मला दाखवलंस तो दिवस आठवतो. विभागातला जुना संगणक, त्याला आवाज नव्हता. पडद्यावर एक चौकोन, त्यात लाल आणि निळे ठिपके सैरावैरा पळताहेत, एकमेकांवर आदळताहेत, बहुतेक आदळून तसेच परत जाताहेत. मधूनच एखादी जोडी नेमकी आदळते आणि जुळून जांभळी होते. तू तापमान वाढवलंस. ठिपके पिसाळले. जांभळे भराभर वाढले. मग वेग ओसरला, जांभळ्यांचा आकडा एका जागी टेकला, पण पळापळ काही थांबली नाही. इकडे जांभळे जुळत होते, तिकडे तेवढेच फुटत होते.

तू माझ्याकडे बघत होतास. मी म्हटलं, याला वास नाही.

तू हसलास. मी बोलतच राहिले. हात भाजत नाही, काच फुटत नाही, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. याने मुलांना रसायनशास्त्र येईल असं वाटतं तुला? आणि उद्या ती लिहितील, ऑक्सिजन लाल असतो.

तू शांतपणे विचारलंस, "परीक्षानळीत तुम्हाला काय दिसते ताई? रंग बदलला, एवढंच ना? आत काय होऊन राहिलं ते कुठं दिसते? मग पोरं पाठ करतात."

हे खरं होतं. समतोल आला की अभिक्रिया थांबते, असं मुलं वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकेत लिहीत होती आणि आपण दोघं वर्षानुवर्षं त्यावर लाल काट मारत होतो. थांबत नाही रे, दोन्हीकडून सारख्या वेगाने चालू राहते, असं ओरडून सांगायचो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुझ्या त्या चौकोनाने ती काट मारायची वेळ कमी आणली. हे मी तेव्हा तुझ्यापाशी मोकळेपणाने म्हटलं नाही. आज म्हणते.

पूनम त्याच वर्षीची. बरगीकडच्या गावातली, वडील धरणाच्या पाण्यात मासे धरतात. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी तुझ्या तासाला उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इसमें ज़्यादातर टक्करें तो बेकार जाती हैं।" धडक फळायला लागणारी किमान ऊर्जा, ती सक्रियण ऊर्जा नावाची जी गोष्ट आपण फळ्यावर डोंगर काढून शिकवतो, ती तिने एका वाक्यात सांगून टाकली. तू तास सोडून मला बोलवायला आलास. तेव्हा तुला काठी लागत होती, तरी जिन्याने आलास. "ऐका ना ताई, काय म्हणून राहिली ही पोरगी," म्हणालास. तिच्याकडून मला ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलंस. ती लाजेने मेली.

त्यानंतरचं मात्र तुझ्या हातात राहिलं नाही.

प्रयोगशाळेतली गॅसची वाहिनी गळायला लागली. दुरुस्तीचा कागद कुठल्या तरी टेबलावर जाऊन बसला. एक दिवस प्राचार्यांनी बैठक घेतली आणि सांगितलं, आपल्याकडे आता सिम्युलेशन आहे, मुलं खूश आहेत, प्रात्यक्षिकं सध्या त्यावरच घ्या. तो हॉल तसाही वर्गांना लागतोय. तू चाकाच्या खुर्चीत होतास, वर्षा मागे उभी होती. तोवर तुझी जीभ जड झाली होती. सगळं ऐकून तू काहीतरी बोललास. लांब, जोर लावून, मान ताणून बोललास. कुणाला कळलं नाही. श्रीकांत, मलाही कळलं नाही. प्राचार्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "धन्यवाद सर, सब आपकी ही मेहनत है।"

तेव्हा वर्षा मागून म्हणाली, "वो धन्यवाद नहीं कह रहे हैं। कह रहे हैं, लैब भी चाहिए।"

देखेंगे, असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

इथून आपलं भांडण. मी तुझ्या घरी यायचे, पलंगापाशी बसायचे आणि तुला एकच गोष्ट सांगायचे. ते बंद कर. लॅब उघडेपर्यंत बंद ठेव. तुझ्या सिम्युलेशनच्या जिवावर त्यांनी कुलूप लावलंय, ते नसेल तर त्यांना उघडावीच लागेल. वर्षा तक्त्यावरून बोट फिरवायची, हव्या त्या अक्षराला तू पापणी मिटायचास. एकेक अक्षर जमवून वाक्य व्हायचं. मी दम धरून बसायचे. तुझं वाक्य झालं: मग पोरांपाशी काय राहील? मी म्हणाले, काही राहणार नाही, म्हणून तर उघडतील. पुन्हा बोट फिरलं: आणि तोवर?

त्यावर मी पिशवी उचलून घरी जायचे. तरी मी पुढच्या खेपेला तेच घेऊन यायचे. आजारी माणसाशी कुणी असं भांडतं का, असं माझा नवरा म्हणायचा. वर्षा त्याला म्हणाली, ताई आल्या की यांचा चेहरा जागा होतो. बाकीचे येतात ते नुसते रडून जातात.

मग ती दुपार. तिच्याबद्दल लिहू की नको, असं करत इथवर आले.

पूनम पदवी घेऊन रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मुलाखतीला गेली होती. गुण उत्तम. त्यांनी तोंडी विचारलं त्याची तिने सगळी उत्तरं दिली. मग आतल्या टेबलापाशी नेलं, आम्लाची बाटली समोर ठेवली आणि म्हणाले, याची तीव्रता काढून दाखव. तिने पिपेटची काचेची नळी हातात घेतली. ती कशी भरायची, वरचं टोक कोणत्या बोटाने दाबायचं, हे तिच्या हाताला कधी कळलेलंच नव्हतं; तिची टायट्रेशनची पाळी येण्याआधीच लॅबला कुलूप लागलं होतं. आम्ल टेबलावर सांडलं. एक माणूस हसला. तिला प्रयोगशाळेऐवजी डबे भरायच्या विभागात काम मिळालं.

हे तिने तुझ्यासमोर सांगितलं. तक्रार करायला नव्हती आली ती, तुला बघायला आली होती. मीच खोदून खोदून विचारलं, कारण मला वाटलं तू हे ऐकावंस. ती "एक आदमी हँसा" म्हणाली आणि तू हसायला लागलास.

मोठ्याने, थांबता न येणारं हसू. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, घशातून घरघर येत होती. या आजारात असं होतं, माणूस नको तिथे हसतो, नको तिथे रडतो, त्याच्या मनात काय आहे त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. वर्षाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पूनमला नव्हतं. ती उठली, तुझ्या पाया पडली आणि चपला घालून बाहेर गेली. मी धावत फाटकापर्यंत गेले, तिला सगळं समजावलं. तिने मान हलवली. तिला पटलं की नाही, देव जाणे.

आत आले तर तू शांत झाला होतास. डोळे तक्त्याकडे. वर्षाने बोट फिरवलं. फार वेळ लागला. वाक्य झालं: पूनमला परत बोलवा.

मी निरोप दिला. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी येते. त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तू गेलास.

काय सांगायचं होतं रे तिला? मी रोज नवं काहीतरी कल्पून बघते आणि खोडते. माफी मागायची होती असं मनात येतं, पण तसं म्हटलं तर मी भांडण जिंकले असं होतं, आणि मेलेल्या माणसाशी असं जिंकायचं नाही. कदाचित तुला नुसतं तिला पुन्हा बघायचं असेल. न हसता.

तुझ्या शोकसभेत प्राचार्य चांगलं बोलले. सरांचं काम अमर आहे म्हणाले. ते काम तेव्हा वर्षाच्या कपाटात बंद होतं. सभा झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, घरच्यांशी बोलून ते सुरू करवून घ्या, प्रात्यक्षिकांचा प्रश्न आहे. मी वर्षाकडे गेले. तिने लॅपटॉप काढून माझ्या हातात दिला. पासवर्ड तिला पाठ होता, तुझ्या आईचं नाव. म्हणाली, "तुम्हीच ठेवा ताई. मला याला हात लावायची भीती वाटून राहिली."

नुसतं झाकण उघडायचं होतं. मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, लॅपटॉप माझ्यापाशी आहे, पासवर्डही. लॅबचं कुलूप काढाल त्या दिवशी सुरू करीन. ते म्हणाले, हे तुमचं नाही. मी म्हटलं, तुमचंही नाही.

तू असतास तर मी हे करू शकले नसते. तुला विचारायची सोय उरली नाही, त्याचा मी फायदा घेतला. कितीतरी आठवडे मुलांपाशी काहीच नव्हतं. ना काच, ना पडदा. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहायची आणि मी त्यांच्याकडे बघून मान हलवायचे. रोज मला तुझं ते 'आणि तोवर?' ऐकू यायचं. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या, पालक भांडायला आले, तेव्हा कुठे कुलूप निघालं.

हे ऐकून खूश होऊ नकोस. दोनच ओटे मिळाले आहेत. गॅस नाही, स्पिरिटच्या दिव्यांवर भागवतो. अर्ध्या हॉलमध्ये बाक लावून वर्ग भरतो. पहिल्या दिवशी एका मुलीने ब्युरेट फोडली, एकाचं बोट कापलं, आणि निम्मी मुलं आम्लाच्या बाटलीपासून हातभर लांब उभी राहिली. तू इतकी वर्षं जिथे होतास, तिथे एक मुलगा मला विचारत होता की मॅडम, याला हात लावला तर चालेल ना.

पूनम सुट्टीच्या दिवशी येते. पिपेट शिकते. अंगठा नाही, तर्जनी, हे तिला आता सांगावं लागत नाही. सरांनी मला कशाला बोलावलं होतं, असं तिने एकदा विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तिने पिपेट पुन्हा भरली.

मी शब्द पाळला. लॅपटॉप उघडला, तुझ्या आईचं नाव टाकलं. पण नुसतं सुरू करून भागेना, वर्गात दाखवायलाही आता मीच. इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडले, पण सबंध असं कधी बघितलं नव्हतं. जेवढं बघितलं ते त्या मुक्या संगणकावर. परवा वर्गात पडदा लावला, स्पीकर जोडला, पहिला पाठ सुरू केला आणि तुझा आवाज आला.

प्रत्येक पाठात तू बोलला आहेस, हे मला माहीत नव्हतं. खणखणीत, तुझ्या हिंदीत, मधेच ठसका लागला तर "माफ करना" म्हणत. मी खडू हातात घेऊन भिंतीला टेकले. वर्ग माझ्याकडे बघत होता. मग पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मैडम, पाँचवें पाठ के बाद सर की आवाज़ साफ़ नहीं है। पर हम लोग समझ लेते हैं।"

आपण सगळे त्यांच्यापासून लपवत होतो, श्रीकांत. खांदा दुखतो, पाठीचं आहे, काय काय. आणि ती मुलं घरोघरी, गावोगावी मोबाइल कानाला लावून पाठामागून पाठ तुझा आवाज जाताना ऐकत होती. एकानेही कधी आपल्याला विचारलं नाही.

मी त्यांना म्हटलं, मग पुढचा लावते. आठवा पाठ लावला. तोच समतोलाचा. पडद्यावर ठिपके पळत होते आणि तू बोलत होतास, त्या बैठकीत बोललास तसा, जोर लावून. मला एक शब्द कळला नाही. मुलं खाली मान घालून लिहून घेत होती.